भोक कसं पाडलं, ते कुणी विचारतच नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला दंतरोपणावरचा लेख मी दोनदा वाचला. एकदा चहाबरोबर, एकदा पेन्सिल घेऊन. स्क्रू स्वित्झर्लंडचा घ्यावा की कोरियाचा, खर्च किती, हप्ते बसतात का, सगळं आहे. शेवटी एक चौकटही आहे. आता हाड न कापता इम्प्लांट बसवायची नवी पद्धत आली आहे आणि ड्रिलची जुनी पद्धत मोडीत निघाली, असा त्या चौकटीचा सूर. माझं भांडण आहे ते त्या चौकटीशी.

मी दातांचा डॉक्टर नाही. चिंचवडला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ३६ वर्षं काढली, आधी फिटर, शेवटी चार्जहँड. म्हणजे जन्मभर भोकं पाडली, रीम केली, त्यात आटे पाडले. निवृत्तीनंतर माझ्याच जबड्यात तीन ठिकाणी भोकं पाडून घ्यायची वेळ आली आणि योगायोग असा की तिन्ही वेगळ्या पद्धतीची. तीन नग बघून आम्ही कधी लॉट पास केला नाही, तेव्हा माझ्या तोंडावरून कुणी शास्त्र ठरवावं असं मी म्हणत नाही. पण भोक पाडताना काय चुकतं हे मला थोडंफार कळतं आणि तुमच्या लेखात भोकाबद्दल अवाक्षर नाही, म्हणून हे पत्र.

पहिलं २०१७ साली, खालची डावी दाढ. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा, आटे असलेला खुंट. तो बसवायला आधी दोन मिलिमीटरचा ड्रिल मारतात, मग एकेक पायरी वाढवत खुंटापेक्षा किंचित लहान मापापर्यंत येतात. आमच्याकडे मोठ्या भोकाला हेच करतात, एकदम मोठा ड्रिल कुणी घालत नाही. पहिले दोन ड्रिल गुमान गेले. तिसऱ्याला आवाज बदलला. पिलर ड्रिलवर ज्यानं वर्षं काढली आहेत त्याला हा आवाज झोपेतही ओळखू येतो. धार गेलेला ड्रिल कापत नाही, नुसता घासतो आणि घासताना चिरकतो. कारखान्यात मी शॉपच्या दुसऱ्या टोकावरून ओरडलो असतो, "अरे काढ तो, धार लाव आधी!" इथे तोंडात नळी, गालात कापूस, जबडा बधिर. मी हात वर केला. नर्स म्हणाली, "काका, दुखतंय का?" दुखत नव्हतं. मी मान हलवली, झालं.

सहाव्या आठवड्यात खुंट जिभेनं ढकलला तरी हलायला लागला. काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, होतं कधी कधी. आता, तो ड्रिल बोथट होता म्हणूनच हे झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. माझी साखर काठावर असते, तंबाखू सोडून वीस वर्षं झाली असली तरी आधी पंधरा वर्षं खाल्ली आहे. पण नंतर जे वाचलं आणि जे डॉक्टर भेटले त्यांना विचारत गेलो, त्यातून एक आकडा डोक्यात पक्का बसला, ४७. गोथेनबर्गच्या एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन या दोघांनी १९८३ साली सशाच्या हाडावर दाखवून दिलं की हाड ४७ अंशांवर एक मिनिटभर राहिलं तरी त्या जागी पुन्हा नीट हाड धरायची क्षमता बिघडते. ४७ अंश म्हणजे फार नाही हो. आंघोळीच्या कढत पाण्यात हात घालून पटकन मागे घ्यावा, एवढंच. पोलादात ड्रिलचं टोक याच्या कितीतरी पट तापतं आणि कुणाचं काही बिघडत नाही, कारण पोलाद जिवंत नसतं. हाडातल्या पेशी भाजल्या की त्या खुंटाला धरणार कोण?

आणि खालचा जबडा हे कठीण हाड, त्यातही पुढचा भाग तर फारच. कार्ल मिश नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी हाडाचे, सगळ्यात कठीण ते सगळ्यात मऊ, असे चार दर्जे लावले आणि ड्रिल मारताना हाताला काय वाटतं त्यावरून लाकडाच्या उपमा दिल्या. पहिल्या दर्जाचं हाड ओकसारखं, दुसऱ्याचं पाइनसारखं, तिसऱ्याचं बाल्सासारखं आणि चौथ्याचं चक्क थर्माकोलसारखं. ओकमध्ये ड्रिल मारताना उष्णता जास्त निघते आणि बाहेरून सोडलेलं सलाइन भोकाच्या तळापर्यंत पोचतच नाही, कारण भोक भुशानं भरलेलं असतं. म्हणून ड्रिल खाली-वर, खाली-वर करायचा, भुसा बाहेर येऊ द्यायचा, पाणी आत जाऊ द्यायचं. मिनिटाला साधारण ८०० ते १२०० फेरे, हात हलका, ड्रिल धारदार. आमच्याकडे ॲप्रेंटिसला पहिल्या आठवड्यात हेच शिकवायचे. जोर लावून वेळ वाचतो असं त्यालाही वाटायचंच.

पाच महिन्यांनी त्याच जागी दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा खुंट बसवला. पद्धत तीच, ड्रिलचीच. फरक इतकाच की त्यांनी माझ्यासमोर नवे ड्रिल पाकिटातून काढले, दर चार-पाच सेकंदांनी थांबत होते आणि सलाइन फ्रिजमधून आणलेलं होतं. गालाला थंड लागलं ते अजून आठवतं. तो खुंट आजही बसलाय, मी त्यावर फुटाणे खातो. तेव्हा 'ड्रिलची पद्धत मोडीत' असं वाचलं की मला राग येतो तो यामुळे. मोडीत काढायचा असेल तर बोथट ड्रिल काढा.

मुळात ही सगळी विद्या उभी राहिली ती सावकाश, गार पाण्यात केलेल्या ड्रिलिंगवरच. स्वीडनचे ब्रोनेमार्क १९५२ च्या सुमाराला सशाच्या पायात टायटॅनियमचं एक छोटं उपकरण बसवून हाडातला रक्तप्रवाह बघत होते. काम झाल्यावर ते काढायला गेले तर निघेना, हाडानं धातूला धरून ठेवलेलं. १९६५ साली त्यांनी यॉस्टा लार्सन या माणसाच्या जबड्यात पहिले खुंट बसवले. लार्सन २००६ साली वारले, तोवर त्या खुंटांवर जेवत होते. चाळीस वर्षं! आमच्या कारखान्यातली एकही फिक्स्चर इतकी टिकली नाही. ब्रोनेमार्क हाडाला हलक्या हातानं वागवा म्हणत आणि खुंट बसवल्यावर खाली तीन-चार महिने, वर सहा महिने त्यावर भार देत नसत. आजच्या 'सकाळी खुंट, संध्याकाळी दात' जाहिराती बघून ते काय म्हणाले असते कोण जाणे.

आता दुसरं भोक, २०२१, वरची उजवी दाढ. इथे प्रश्न उलटा. वरच्या जबड्याची मागची बाजू म्हणजे मिशसाहेबांचं थर्माकोल. शिवाय त्या हाडाच्या वर सायनसची पोकळी, मधे हाड जेमतेम सहा मिलिमीटर. थर्माकोलमध्ये ड्रिल मारायचा म्हणजे आहे तेही हाड भुसा करून बाहेर टाकायचं. यावर समर्स नावाच्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये लिहिलेली युक्ती अशी की कापूच नका. गोल दांडे घ्या, लहानापासून मोठ्यापर्यंत आणि छोट्या हातोडीनं ठोकत आत सरकवा. हाड बाजूला आणि वर दाबलं जातं, भोवतालची भिंत घट्ट होते, सायनसचा तळही थोडा उचलला जातो. या दांड्यांना ऑस्टिओटोम म्हणतात. ऐकल्यावर मला पटलंच. आम्ही त्याला ड्रिफ्ट मारणं म्हणायचो.

पण ठोकलं जातं ते डोक्यात. मान मागे टाकलेली, खुर्ची जवळजवळ आडवी आणि वरच्या जबड्यावर टक्, टक्, टक्. दुखत नाही, पण प्रत्येक ठोका कवटीच्या मागच्या टोकापर्यंत जातो. मी मोजत होतो. साठपर्यंत मोजले, मग सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे कुशीवर वळलो आणि खोली फिरली. फिरली म्हणजे चक्कर आली असं नाही, आमचा बंद पंखा मला गरगर फिरताना दिसला. पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून पडून राहिलो. बायको घाबरली, "अहो, काय होतंय? बीपी बघू का?" बीपी बरोबर होतं. दाताच्या दवाखान्यात फोन केला तर ॲसिडिटीची गोळी घ्या म्हणाले. नऊ दिवस मी उशांना टेकून बसून झोपलो. शेवटी मुलीनं कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मला टेबलावर एकदम मागे झोपवलं, मान वळवली, डोळे बघितले आणि विचारलं, "काका, इतक्यात डोक्याला मार लागला होता का?" मी म्हटलं, मार नाही, दात बसवला. ते हसले. त्यांना लगेच कळलं.

कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या भागात चुन्याचे बारीक कण असतात. ते जागेवरून निसटून अर्धवर्तुळाकार नळीत गेले की डोकं वळवताना मेंदूला खोटी बातमी जाते, आपण फिरतोय म्हणून. मान मागे टाकलेली आणि वर हातोडीचे ठोके, म्हणजे कण निसटायला चांगलीच सोय. हे फारसं होत नाही, पण होतं आणि दंतवैद्यकाच्या साहित्यात त्याची नोंद आहे. उपाय औषधाचा नाहीच. डोकं ठरावीक क्रमानं वळवून कण परत जागेवर आणायचे, एप्लीची कसरत म्हणतात तिला. पाच मिनिटांचं काम. नऊ दिवस आणि पाच मिनिटं.

ज्यांनी खुंट बसवला त्यांचं काम उत्तम झालं, हे मला आवर्जून सांगायचंय. ठोकायची पद्धतही माझ्या हाडाला योग्यच होती. नाहीतर सायनसला बाजूनं खिडकी पाडावी लागली असती, ते त्याहून मोठं काम. माझी तक्रार इतकीच की सही करायला तीन पानी इंग्रजी फॉर्म दिला होता, त्यात पैसे परत मिळणार नाहीत हे दोनदा होतं आणि चक्कर एकदाही नव्हती. 'ठोके बसतील, एखाद्याला नंतर वळताना गरगरतं, तसं झालं तर थेट कानाच्या डॉक्टरांकडे जा,' एवढं मराठी वाक्य कुणी बोललं असतं तर माझे नऊ दिवस वाचले असते.

तिसरं मागच्या वर्षी, वरचीच डावी दाढ. हातोडी नको, हे मी आत शिरतानाच सांगितलं. या डॉक्टर तरुण होत्या, माझी मुलगी शोभावी अशा. त्यांनी ड्रिलसारखी दिसणारी एक वस्तू माझ्या हातात दिली. मी चष्मा वर करून जवळून पाहिली. निमुळती, पण साध्या ड्रिलला दोन-तीन धारा असतात, हिला बऱ्याच जास्त आणि त्यांचा कोन कापायच्या उलटा. "ही सुलटी फिरवली तर कापते," त्या म्हणाल्या, "उलटी फिरवली तर कापत नाही, हाड बाजूला दाबते." मी म्हटलं, "मॅडम, हा तर फॉर्म टॅप!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आटे पाडायचे दोन प्रकार. साधा टॅप धातू कापतो आणि चिप बाहेर काढतो. फॉर्म टॅप चिप काढतच नाही, धातू दाबून दाबून आट्याचा आकार देतो. दाबलेला धातू घट्ट होतो, आटे मजबूत येतात. पण यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. तेल भरपूर लागतं. आणि धातू दबणारा हवा, म्हणजे ॲल्युमिनियम, तांबं, मऊ पोलाद. बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, फॉर्म टॅप घातलात तर बीड दबत नाही, तडकतं नाहीतर टॅप मोडतो. बिडाला कापावंच लागतं.

माझ्या तोंडून बीड निघालं आणि त्या म्हणाल्या, "बरोबर, म्हणूनच खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला, कठीण हाडात मी ही अशी वापरत नाही." मला फार बरं वाटलं. ही पद्धत सलाह हुवैस या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी आणली, तिला ऑसिओडेन्सिफिकेशन म्हणतात. मिनिटाला ८०० ते १५०० फेरे, उलटे, आणि पाण्याचा मारा पाहिजेच. हाडाचा भुसा बाहेर न टाकता भोकाच्या भिंतीतच बसतो. हाड थोडं लवचीकही असतं. दाबल्यावर ते परत आत यायला बघतं आणि खुंटाला धरतं. पत्रा वाकवल्यावर थोडा परत उघडतो ना, तसं. हुवैस आणि मेयर यांनी २०१७ साली डुकराच्या हाडावर साध्या ड्रिलशी तुलना करून दाखवली, तिथे खुंट घट्ट बसवायला लागणारा पीळ जास्त भरला.

पीळ म्हणजे टॉर्क. दातांचे डॉक्टर ३५ न्यूटन-सेंटिमीटर हा आकडा पुष्कळदा सांगतात. ऐकायला मोठा वाटतो. आमच्या हिशेबात तो २ मिलिमीटरच्या स्क्रूला लावायचा पीळ झाला. माझा खुंट ४ मिलिमीटरच्या आसपासचा, तेवढ्या पोलादी बोल्टला आम्ही जवळजवळ आठपट लावतो. हाडाला तसा लावता येत नाही, कारण जास्त आवळलं की हाडातला रक्तपुरवठा दबतो आणि ते मरतं. पीळ जास्त म्हणजे काम चांगलं, असं समीकरण आमच्याकडेही फक्त नवशिके मांडतात. शिवाय पहिल्या दिवशीची पकड ही नुसती यांत्रिक. पुढचे तीन-चार आठवडे जुनं हाड विरघळत असतं, नवीन पुरतं आलेलं नसतं आणि त्या काळात पकड उलट थोडी कमीच होते. माझा पहिला खुंट साधारण त्याच सुमाराला ढिला पडायला लागला असणार. उलट फिरणाऱ्या बरनं, म्हणजे त्या ड्रिलसारख्या हत्यारानं, मऊ हाडात पहिल्या दिवसाची पकड वाढते, हे मानायला माझी हरकत नाही. पण त्यामुळे खुंट वर्षानुवर्षं जास्त टिकतात, हे अजून सिद्ध झालेलं नाही. तुमच्या चौकटीत मात्र ते झाल्यासारखं छापलंय.

खुंट बसल्यावर त्यांनी त्यावर एक छोटा खिळा चढवला आणि पेनासारखं यंत्र जवळ धरलं. चुंबकानं खिळ्याला झटका द्यायचा आणि तो किती वेगानं थरथरतो ते मोजायचं. १ ते १०० असा आकडा येतो. माझा ७१ आला, सत्तरच्या वर चांगला म्हणतात. आम्ही ग्राइंडिंग व्हील मशीनवर चढवण्याआधी टिचकी मारून आवाज ऐकतो, खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर चिरलंय. त्याचाच हा साहेबी अवतार. तीन महिन्यांनी पुन्हा मोजला, ७४.

आणखीही पद्धती आहेत. ध्वनिलहरींच्या थरथरीनं हाड कापणारं पिएझो यंत्र आहे. ते कठीण हाड कापतं पण नस किंवा सायनसचं पातळ अस्तर सहसा फाडत नाही, म्हणून नाजूक जागी उपयोगी, पण काम सावकाश चालतं. मिनिटाला पन्नासेक फेऱ्यांनी, पाण्याशिवाय ड्रिल मारून हाडाचा भुसा जपून ठेवणारेही आहेत. माझ्यावर त्यातलं काही झालं नाही, म्हणून पुढे लिहीत नाही.

महोदय, बीड आणि ॲल्युमिनियमला एकच हत्यार चालवा असं कुठलाही फोरमन म्हणणार नाही. मग माणसाच्या जबड्याबाबत वर्तमानपत्रानं ते का म्हणावं? एकाच तोंडात खाली बीड आणि वर ॲल्युमिनियम असू शकतं, माझ्या आहे. माझी विनंती आहे की ती चौकट दुरुस्त करून छापावी आणि त्यात वाचकांनी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न द्यावेत. स्कॅनमध्ये माझं हाड कोणत्या दर्जाचं दिसतंय? भोक कापून करणार, ठोकून की दाबून, आणि का? ड्रिल किती भोकांनंतर बदलायचा हे बनवणारे लिहून देतात, तर माझ्यावर चालणारा ड्रिल कितव्यांदा वापरताय? शेवटचा प्रश्न विचारायला लाज वाटते, मान्य. मी तिसऱ्या वेळी विचारला. मॅडमनी डबा उघडून वही दाखवली, प्रत्येक बरपुढे रेघा मारलेल्या होत्या, आमच्या टूल क्रिबमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठीत, असायच्या तशाच.

खुंटाच्या डबीवर लॉट नंबरचं स्टिकर असतं, तेही मागून घ्यावं. माझ्या तीन खुंटांची तीन स्टिकरं एका कार्डावर चिकटवून मी आधार कार्डाच्या मागे ठेवली आहेत. पहिल्याच दवाखान्यातल्या, निघून आलेल्या खुंटाचं स्टिकर मात्र मिळालं नाही. दोनदा मागितलं. फाइल सापडत नाही म्हणाले.

पत्र लांबलं आहे, कापलंत तर चालेल. फक्त बिडाचा परिच्छेद ठेवा. नाव छापू नये.

आपला,
एक निवृत्त टूलरूम चार्जहँड, चिंचवड